तिच्या हातचा क्रूस

कोलशेतचा इनास नाताळ आणि ईस्टर सोडले तर चर्चची पायरी चढायचा नाही. त्याच्या वाटणीची प्रार्थनाही बायको, रेमेतच, उरकून टाकायची. गेल्या पावसाळ्यात ती गेली. ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी चर्चमध्ये मिळालेल्या झावळीचा तिने वळलेला क्रूस मात्र तसबिरीमागे खोचलेला तसाच होता.

ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ तोंडावर आला तशी शेजारची एल्सी जुन्या झावळ्या गोळा करत दारात आली.

"अंकल, तो क्रूस द्या ना. ह्या सगळ्या जाळून त्यांचीच राख बुधवारी चर्चमध्ये सगळ्यांच्या कपाळाला लावतात."

"नाय देणार. तिच्या हातचं तेवढंच उरलंय."

"आंटी दर वर्षी स्वतः आणून द्यायच्या," एल्सी एवढंच म्हणाली.

इनासने क्रूस काढला, बाहीने पुसला आणि तिच्या पिशवीत ठेवला.

बुधवारी तो चर्चमध्ये शेवटच्या बाकाशी उभा राहिला. फादरनी त्याच्याही कपाळावर राखेचा क्रूस काढला. मिस्साची प्रार्थना संपली, तरी तो दारातून हलेना. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचं कपाळ निरखत राहिला.

"अंकल, कुणाला शोधताय?" एल्सीने विचारलं.

"थांब गं जरा. बघतोय, रेमेत आज कुणाकुणाच्या घरी चाललीय."