अध्यक्षांचा निरंकार उपास

“हात बुडवायचे नाहीत! नुसती ओंजळ धरा!” भुजंगराव माईकवरून दरडावले आणि चांगुणाबाईंची ओंजळ हवेतच थबकली. अडुसष्ट वर्षांच्या बाईला हे नवं नव्हतं. याच झऱ्यावर परकर-पोलक्यातली चांगुणा रिकामी घागर घेऊन तासन्‌तास बसायची. भुजंगरावांची आई रुक्मिणबाई मनात आलं तर वरून पाणी ओतायची. “लांब धर गं, शिवशील,” एवढं मात्र न चुकता म्हणायची.

आता तिथं ‘अमृतझरा निसर्ग उद्यान’ झालं होतं. सिमेंटचा डोंगर, सिमेंटची हरणं, सिमेंटचंच गोमुख. निसर्गाला शिरायला जागा उरली नव्हती. पण तिकीट काढलं की जात कुणी विचारत नव्हतं. म्हणून तर चांगुणाबाईंनी लेकाकडे हट्ट धरला होता. “सुगत, त्या झऱ्याचं पाणी मला एकदा माझ्या हातानं प्यायचंय बाबा. मग डोळे मिटले तरी चालंल.” सुगतनं रविवारी सकाळीच नांदेडहून गाडी काढली. दुपारच्या जेवणाला परत घरी, असा बेत होता.

झरा मोठा समंजस. दुष्काळात आटला तो दहा वर्षं तोंड उघडेना. उद्यानाचं उद्‌घाटन ठरलं, तर नेमका त्याच दिवशी वाहू लागला. तेव्हापासून दहा ते पाच वाहतो आणि सोमवारी सुट्टी घेतो. समितीचे अध्यक्ष भुजंगराव याला चमत्कार म्हणतात. पाण्यात लोह आहे, गुडघे मोकळे होतात, साखर उतरते, असं ते माईकवरून सांगत होते. नांदेडची मंडळी कॅन भरभरून नेत होती.

चांगुणाबाईंनी आधी तांब्या भरून कट्ट्यावर ठेवला, मग ओंजळ धरली. त्यांचे डोळे भरून आले. एक घोट घेतला आणि त्या थांबल्या. दुसरा घेतला. खारट, वर लोखंडाची चव. दर बुद्धपौर्णिमेला भावाकडे, निवृत्तीकडे, त्या हेच पाणी प्यायच्या. त्यांनी गोमुखामागं डोकावलं. एक काळा पाइप डोंगराच्या पाठीवरून उतरून थेट खाली बौद्धवाड्याकडे गेला होता. निवृत्तीच्या बोअरचं पाणी समिती नेते, हे त्यांना ठाऊक होतं. बागेला लागतं, असं समितीनं त्याला सांगितलं होतं.

त्यांना फार वाईट वाटलं. जन्मभराची हौस, आणि ओंजळीत आलं ते भावाच्या परसातलं पाणी. मग त्यांची नजर माईकशेजारी गेली. तिथं भुजंगरावांची सीलबंद बाटली होती. अख्ख्या नांदेडला तीर्थ म्हणून पाजणारा माणूस स्वतः हे पाणी का पीत नव्हता, ते त्यांच्या लख्ख ध्यानात आलं.

“पाटील, तुमी न्हाई घेत?”

भुजंगरावांनी ओळखलं. “निवृत्तीची बहीण ना तुमी? या, या, तुमचंच गाव हाय. माझा आज निरंकार उपास हाय. पाण्याचा थेंब बी चालत न्हाई.”

“काका, आत्ताच तर भजी खाल्लीत!” कॅन भरणारी एक पोरगी म्हणाली.

लोक हसले. मग हसायचे थांबले. “पाण्यात काही आहे का हो?” कुणीतरी विचारलं. एवढ्यात वीज गेली आणि निसर्ग बंद पडला.

“झरा कधीमधी दम घेतो,” भुजंगराव म्हणाले. पण एकानं कॅन उपडा केला, दुसरा तिकिटाचे पैसे परत मागू लागला. न प्यावं तर उद्यान बुडत होतं, खरं सांगावं तरी बुडतच होतं. भुजंगरावांनी पाइपाकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं, घाम पुसला.

“उपास मोडतो मी,” ते म्हणाले. “पण झरा तर बंद हाय.”

“पाणी हाय की,” म्हणत चांगुणाबाईंनी कट्ट्यावरचा तांब्या उचलला. सगळ्यांच्या देखत भुजंगराव कमरेत वाकले. त्यांनी ओंजळ पुढं केली. डोळे घट्ट मिटले.

“भिऊ नका, पाटील,” चांगुणाबाई म्हणाल्या. “वरूनच ओतते. शिवणार न्हाई.”