चिन्नोरचा वास

शोकसभेत आईच्या नोकरीबद्दल पुष्कळ बोललं गेलं. मला तिनेच सांगितलेली एक सकाळ आठवत होती. बालाघाटच्या दवाखान्यात ती नर्स होती. लामत्याचे शेतकरी डोमाजी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी टेबलावर होते. कमरेखालचं अंग बधिर केलं होतं, पण भीतीने ते थरथरत होते आणि डॉक्टरांना सुरी लावता येईना. धीर वाटावा म्हणून आईने उशाशी गुलाबाचं अत्तर शिंपडलं, तसे ते ओरडले, "बाई, मले तिरडीवर ठेवून राह्यल्या काय?" "मग कोणता वास पाहिजे?" "आमच्या चिन्नोर भाताचा." आईने व्हरांड्यात त्यांच्या बायकोला घरून आणलेल्या शिध्यातला तोच तांदूळ शिजवायला लावला. दारातून वास आत येताच डोमाजी सैलावले. सुरी चालू असताना ते एकदम म्हणाले, "अवं शेवंता, भात करपून राह्यला!" पोट उघडं होतं आणि माणसाला काळजी भाताची. हे माझ्या आईने केलं.