जोडीचा गडी

श्रीखंडाची वाटी बाजूला सारून राजेंद्रने करारनामा टेबलावर ठेवला आणि पेनाचं टोपणही स्वतःच काढून दिलं. समोर लिन बसला होता, तैवानहून आणलेला साचे बनवणारा इंजिनिअर. राजेंद्रच्या वाळूजमधल्या कारखान्यातली नवी मशीन अजून त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नव्हती. त्याचा व्हिसा पुढच्या महिन्यात संपत होता आणि पुण्याचा एक कारखाना त्याच्यासाठी नवा व्हिसा काढायला तयार होता. लिन गेला की स्कूटरच्या दिव्यांची ऑर्डर गेली. ऑर्डर गेली की बँकेचा मॅनेजर चहा विचारायचा बंद झाला.

करारात एवढंच होतं की दोन वर्षं सोडून जायचं नाही. गेलास, तर कंपनीने तुझ्यावर केलेला खर्च भरून द्यायचा.

खर्च काही थोडा नव्हता. व्हिसा, एजंट, जाण्यायेण्याचं तिकीट, परदेशी माणसाच्या नोंदणीसाठी मारलेले हेलपाटे. शिवाय पगार 'हातात इतका' असा ठरलेला. हातात म्हणजे हातात, वरचा आयकर मालकाने भरायचा, हे राजेंद्रला पहिल्या मार्चमध्ये समजलं. लिन महाग नव्हता. लिनला इथे ठेवणं महाग होतं.

लिनने कागद शांतपणे वाचला. "अच्छा है," म्हणाला आणि पेन कागदाच्या कडेला समांतर ठेवून दिलं.

हे 'अच्छा है' राजेंद्र वर्षभर ऐकत होता. एखादा बिघडलेला भाग भंगारात टाकण्याआधी लिन असंच म्हणायचा.

सोफ्यावर राजेंद्रचे वडील काकासाहेब सुपारी कातरत होते. सणाला म्हणून सकाळीच पाचोडहून आले होते. कसली सही चाललीय, असं त्यांनी विचारलं. राजेंद्रने थोडक्यात सांगितलं.

"म्हंजी उचल," काकासाहेब म्हणाले. साल धरताना गड्याला आगाऊ देतात ती.

वडलांना इतक्या लवकर समजलं याचं राजेंद्रला बरं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"त्याच्या हातात दिली व्हती का?"

"हातात नाही आबा. त्याच्यासाठी भरली. सरकारला, एजंटला, विमानाला."

"मग उचल त्यांनी घेतली. फेडायची यानं व्हय?"

आबा, हा इंजिनिअर आहे, सालगडी नाही, असं राजेंद्र जरा चिडूनच म्हणाला. काकासाहेबांना तो फरक फारसा पटला नाही. पाडव्याला साल भरतं आणि पाडव्यालाच पुढचं ठरतं. मग गडी बैल हाकतो की मशीन, त्यात काय, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तर रिकाम्या हाती आले नव्हते. त्यांनी पिशवी ओढली आणि पाचोडच्या बाजारातून आणलेलं पँट-शर्टचं कापड, टॉवेल आणि टोपी काढून लिनपुढे ठेवली. सालगड्याला ठेवतात तशीच. लिनने ते सगळं दोन्ही हातांनी घेतलं. टोपी घालूनही पाहिली. ती त्याला शोभली, हे राजेंद्रला आणखीच लागलं.

पिशवीच्या तळाशी एक हिरवी सुती साडी होती.

"हे याच्या घरच्या लक्ष्मीला," काकासाहेब म्हणाले आणि इकडेतिकडे बघू लागले. "हाये कुठं ती?"

ती तिकडे तैवानलाच असते, राजेंद्र म्हणाला. मुलगीही तिकडेच. लिनने त्यांना आणण्याबद्दल दोनदा विचारलं होतं आणि राजेंद्र दोन्ही वेळा 'बघू' म्हणाला होता. आणखी दोन व्हिसे, एका खोलीऐवजी फ्लॅट, मुलीची इंग्रजी शाळा. या खर्चावर काट मारताना आपण वर्षातली सगळ्यात शहाणी बचत केली, असं त्याला वाटलं होतं.

काकासाहेबांचा अडकित्ता थांबला.

"एकटा गडी कोण ठेवतं रे? आपल्या सांडूला ठेवला तवा बायकोसकट, सत्यभामेसकट ठेवला, म्हणून इतकी सालं राहिला. एकटा गडी पोळ्याच्या पुढं टिकत नाय."

या शहाणपणात माया किती आणि मतलब किती, हे वेगळं काढणं अवघड. सांडूच्या सालात सत्यभामेची खुरपणी फुकटात होत आली होती, ते काकासाहेबांनी सांगितलं नाही. राजेंद्रने लिनकडे पाहिलं.

लिनने टोपी काढून ठेवली होती. साडीची घडी तो उलगडत होता. एक उलगडली, दुसरी उलगडली, तरी कापड संपेना. टेबलावरून ते खुर्चीवर आलं, खुर्चीवरून फरशीवर. मग त्याने फोन लावला आणि पडद्यावर आलेल्या बायकोला पदर दाखवला. ती हसली. काहीतरी म्हणाली. पुन्हा तेच म्हणाली.

"बायको पूछती," लिनने कारखान्यात शिकलेल्या भाषेत सांगितलं, "हे पहनायचं कसं?"

राजेंद्रची बायको मोनिका ताटं उचलत होती. तिने हात पुसले, फरशीवर पसरलेली साडी गोळा केली आणि लिनला समजेल इतक्या सावकाश म्हणाली,

"फोनवर नाही जमत. समोर उभं करून नेसवावी लागते."

लिनने ते तिकडे सांगितलं. एवढंसं वाक्य, पण सांगायला त्याला बराच वेळ लागला. पडद्यावरची बाई बघत राहिली. लिन, मोनिका, काकासाहेब, सगळेच राजेंद्रकडे बघू लागले.