खुंटा

"या वेळी खुंटा हलवायचा नाही," सर म्हणाले आणि त्यांनी स्क्रीनपुढे हात आडवा धरला.

दादाचं बोट हवेतच राहिलं. डोळे त्याने आधीच मिटले होते, आता ते उघडावेत की नाही हे त्याला कळेना. शेवटी त्याने एकच उघडला आणि हात मागे घेतला.

स्क्रीनवर एकोणतीस चौकोन होते. प्रत्येकात चार ठिपके आणि दोनच इलेक्ट्रॉन. दोघांचं आपसात विळ्याभोपळ्याचं नातं, त्यामुळे ते कायम एकमेकांपासून लांबचे कोपरे धरून बसतात. एका बाजूने तिरके बसले तर शून्य, दुसऱ्या बाजूने बसले तर एक. तार नाही, वाहणारी वीज नाही. एक चौकोन कलला की शेजारचा कलतो, आणि त्याचं बघून त्याच्या शेजारचा. एवढ्या कलण्यावर हे सर्किट बेरीज करत होतं, आणि बेरीज करणारं असं इतकं लहान सर्किट अजून कुणी काढलेलं नव्हतं. परिषदेकडे पेपर पाठवायची मुदत पाचपर्यंत होती. साडेचार वाजून गेले होते.

खुंटा हलवणं ही या प्रयोगशाळेची रीत, आणि ती सरांनीच पाडलेली. ठिपके इतके बारीक की प्रत्यक्ष घडवताना एखादा चौकोन गळणारच. म्हणून पेपर पाठवण्याआधी, ज्याने सर्किट काढलेलं नाही त्याने डोळे मिटून स्क्रीनवर बोट टेकवायचं, बोटाखाली येईल तो चौकोन पुसायचा आणि तरीही बेरीज येते का ते बघायचं. 'हलवून खुंटा बळकट' असं कपाटाच्या दारावर सरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. ही स्क्रीन नेहमी बोटांच्या ठशांनी बरबटलेली असे. आज कुणीतरी ती लख्ख पुसून ठेवली होती.

"मग मी हलवते," शेजारी उभी असलेली सरांची पीएचडीची विद्यार्थिनी म्हणाली. "हे मी काढलेलं नाही. माझं त्रेचाळीस चौकोनांचं होतं. त्याचे एकोणतीस तुम्ही केलेत."

सर काही बोलायच्या आत तिने डोळे मिटले आणि त्यांच्या हाताखालून बोट घातलं. चौकोन पुसला गेला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं. एक अधिक एक, शून्य. हातचाही शून्य.

"पहिलीतलं पोरही हसेल, सर."

"परिषदेत पहिलीतली पोरं नसतात. तिथे आकडा बघतात." सरांनी पुसलेला चौकोन परत आणला. "तुझ्या त्रेचाळीसला विचारतंय कोण? नाकापेक्षा मोती जड."

"माझ्यातला कुठलाही एक काढा, बेरीज येते."

"आणि तुझा प्रबंध? पेपर नाही तर प्रबंध नाही, आणि तुझी मुदत या महिन्यात संपतेय. सहा वर्षं पाण्यात घालवायचीत? माझं काय जातंय, मी पुढच्या वर्षी घरी बसणार. तुझ्या भल्याचंच सांगतोय."

हे सगळं खरं होतं, म्हणून तर तिला जास्त संताप आला. याच माणसाने तिच्या पहिल्या सर्किटाचा खुंटा सतरा वेळा हलवला होता आणि सतराही वेळा तिला रडवलं होतं. तेव्हा तिला त्यांचा राग आला नव्हता. आज आला.

सरांनी पेपर पाठवायचा फॉर्म उघडला. त्यावर तीन नावं होती, सगळ्यांत वर तिचं, मग दादाचं, शेवटी सरांचं.

"दादा, तुझं काय म्हणणं?" सरांनी विचारलं.

प्रयोगशाळेत सगळेच ज्याला दादा म्हणत, तो विभागात तात्पुरता शिकवायला होता. त्याला कायम करण्याची फाईल गेले दोन महिने सरांच्या टेबलावर सहीसाठी पडून होती. "सर म्हणतात तसं," तो कीबोर्डकडे बघत म्हणाला.

"तिघांत दोघं. संपला विषय."

तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि आपलं नाव पुसून टाकलं. एकेक अक्षर करून, घाई न करता.

"हा काय पोरखेळ?"

"खुंटा हलवतेय, सर. एक काढलाय. बघा आता चालतंय का."

"न चालायला काय झालं?" सर म्हणाले. सुंठीवाचून खोकला गेला, असा त्यांचा चेहरा झाला. खालची नावं आपोआप एकेक घर वर सरकली. सरांनी पुढचं पान उघडलं. तिथे एकच ओळ आणि एक रिकामी चौकट होती. 'निकाल मी स्वतः तपासले आहेत.' ही खूण पहिल्या नावाच्या माणसाने करायची होती.

पहिलं नाव आता दादाचं होतं.

"कर खूण," सर म्हणाले. "पंधरा मिनिटं उरलीत."

दादाने माउसवर हात ठेवला. लख्ख स्क्रीनवर तिच्या बोटाचा एकच ठसा उमटलेला होता, त्या रिकाम्या चौकटीच्या जरा वर. तो त्या ठशाकडे बघत राहिला. मग त्याने तिच्याकडे पाहिलं. ती पिशवी भरत होती, त्याच्याकडे बघतही नव्हती.

"अरे, कर ना!"

दादाने मागचं, नावांचं पान उघडलं. माउस सोडला, हात लांब केला आणि स्क्रीनवर बोट टेकवलं, बरोबर स्वतःच्या नावावर.

या वेळी त्याने डोळे मिटले नव्हते.