सोंग आणि डुलकी

गाडी चालवताना डुलकी लागली की वाजणारे यंत्र दोघी बहिणींनी बनवले होते. नऊ गुंतवणूकदारांनी नाही म्हटले होते. आता हे दहावे आणि शेवटचे. धाकटीने यंत्रासमोर झोपेचे हुबेहूब सोंग घेतले. यंत्र ढिम्म.

"सोंगाला ते फसत नाही," थोरली म्हणाली.

"सबब सोयीची आहे," गुंतवणूकदार म्हणाले.

धाकटीने ओशाळून यंत्राचे तोंड त्यांच्याकडे फिरवले. थोरलीने पाच वर्षांच्या अंदाजित नफ्याचे तक्ते उघडले.

"ताई, तक्ते नको गं," धाकटी काकुळतीने पुटपुटली.

ताई थांबली नाही. एकतिसाव्या तक्त्याला यंत्राने खोली डोक्यावर घेतली.

 

गुंतवणूकदार डोळे चोळत म्हणाले, "पैसे देतो. उरलेले तक्ते मात्र राहू द्या."