न पिंजलेला कापूस

पाकीट फाडून ज्युनियर मॅडमनी यादी बाहेर काढली आणि सोळाही पिंजऱ्यांशी ताडून पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग खुर्ची ओढून मटकन बसल्या.

"सर, काकूंचे सोळापैकी सोळा बरोबर आहेत."

"आणि कॅमेऱ्याचे?"

"अकरा."

हसावं की रागवावं, सरांना कळेना. अफूपासून बनणारी वेदनाशामक औषधं उंदरांचं वागणं कसं बदलतात, हे शोधण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. या खेपेला आठ उंदरांना रोज मॉर्फिन टोचलं जात होतं, अगदी बेताचं, आणि आठांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, हे पाकीट उघडेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं. बाटल्यांवर फक्त आकडे होते. उंदरांची धावपळ मोजून कॅमेऱ्याने ते ओळखायचं होतं. त्या कॅमेऱ्यासाठी सरांनी दोन वर्षं वरिष्ठांचे उंबरे झिजवले होते. आणि पिंजरे धुणाऱ्या काकूंनी परवा गंमत म्हणून आठ पिंजऱ्यांवर खडूने फुल्या मारल्या. नेमक्या त्याच आठांवर.

"बोलवा त्यांना."

काकू ओले हात पदराला पुसत आल्या. आपलंच काहीतरी चुकलं, अशा चेहऱ्याने दारात उभ्या राहिल्या.

"कसं ओळखलंत?" सरांनी विचारलं.

"कापसावरून. सकाळी प्रत्येकाला दाबलेल्या कापसाची एक वडी टाकते मी. चांगला उंदीर तासाभरात ती पिंजून घरटं करतो. या आठांचा कापूस संध्याकाळीही तसाच्या तसा. झाकण उघडलं तरी वर बघत नाहीत, मिशा धूत नाहीत."

"पण हेच तर किती पळत असतात!" मॅडम म्हणाल्या.

"पळतात की! भिंतीला धरून नुसते गोल गोल. बघणाऱ्याला वाटतं, केवढा कामाचा. बाकीच्यांतही पळणारे आहेत, तुमचा कॅमेरा तिथंच फसला. पण ते पळून झाल्यावर घराचं बघतात."

सर ताडकन उठले. वीस वर्षांत इतकं सरळ निरीक्षण त्यांच्या कानावर आलं नव्हतं. "लिहून घ्या," ते मॅडमना म्हणाले, "शब्दन् शब्द लिहून घ्या. काकू, कुठं शिकलात हे? आधी कुठल्या प्रयोगशाळेत होता?"

"नाही हो, इथंच."

"इथं? कुणाकडून?"

काकूंनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम एकदम यादीत डोकं घालून बसल्या.

"रागावणार नाही ना?"

"अहो, बोला!"

"तुमच्याकडून."

सर खूश झाले. "माझं व्याख्यान ऐकलंत वाटतं."

"व्याख्यान मला काय कळणार? मी तुमची खोली झाडते, सर." मग काकू सगळं एका दमात बोलून मोकळ्या झाल्या. "पाठीचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून दुखण्याच्या त्या गोळ्या चालू आहेत तुमच्या, या उंदरांच्या औषधाच्याच जातीच्या. आठ महिने झाले. नव्या खोलीत आलात, खोकी अजून बांधलेलीच. मी त्यांच्या भोवतीनं झाडते. डबा आणता आणि तसाच परत नेता. वहिनींचा फोन वाजला की बघता आणि पालथा ठेवता. आणि दिवसभर आपले या खोलीतून त्या खोलीत. सगळे म्हणतात, सर या वयात केवढी धावपळ करतात! मीही तेच म्हणायचे. मग हे आठ पिंजरे बघितले आणि तुमचीच खोली आठवली."

सरांना उगीचच नात आठवली. तीन महिन्यांची झाली होती ती. बायको दर रविवारी लेकीकडे जायचं काढी आणि ते म्हणत, बघू, काम आहे. कोणतं काम, हे आता काही केल्या आठवेना. पाठ तर दुखायची केव्हाच थांबली होती.

"ते औषध आहे!" त्यांचा आवाज चढला. "मी काही नशा करत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय!"

"उंदरांनाही तुम्ही डॉक्टर लोकच देता ना, सर?"

काकूंच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरंच विचारलं होतं. मॅडमनी यादी तोंडासमोर धरली. सर हळूच खुर्चीत बसले. खिशातून गोळ्यांची बाटली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"माझ्या सर्जनना फोन लावा, मॅडम. या कमी कशा करायच्या, ते विचारायचंय."

"मी? सर, तुम्हीच बोललात तर बरं नाही का?"

"बोलतो मीच. पण लावून तुम्ही द्या. मी लावायला गेलो, तर उद्या लावीन."