शेवंडीचं खडप

सर्वेक्षण खात्याच्या गौरेश साहेबांनी नकाशा फळ्यावर लावला आणि मांडवातल्या माना उंचावल्या. किनाऱ्यालगतच्या निळ्या पाण्यावर लाल ठिपक्यांचा नुसता गोवर उठला होता. मध्ये हाताच्या पंजाएवढा एक तुकडा तेवढा कोरा राहिला होता.

"लाल ते तुमचं," साहेब म्हणाले. "शेवंडी धरायच्या जागा तुम्हीच सांगितल्या, त्या राखून ठेवल्या. कोऱ्या जागेत कोणीच जात नाही. तेव्हा खनिज कंपनीची जेटी तिथं."

मासेमार कृष्णनाथ सुपारी चघळायचा थांबला. तो कोरा तुकडा म्हणजे त्याचं खडप. पाण्याखालचा कपारींचा खडक. त्याच्या घरावरची कौलं, थोरलीचं लग्न, धाकट्याची मोटारसायकल, सगळं त्या कपारींतून मिशा हलवत वर आलं होतं.

पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या या वाड्यात, मासेमारांच्या या वस्तीत, एक रीत होती. शेवंड, म्हणजे हॉटेलवाल्यांचं महागडं लॉबस्टर, कुठं मिळाली हे कोणी कोणाला सांगायचं नाही. भाऊ भावाला सांगत नसे. कोणी विचारलंच तर जिथं नुसती रेती आहे, तिकडं हात करायचा. याला खोटं बोलणं म्हणत नसत. असभ्यपणा असलाच तर तो विचारणाऱ्याचा.

साहेब पडले सर्वणचे, भातशेतीतले. शेत कुठलं विचारलं की माणूस आपलंच शेत दाखवतो, एवढाच त्यांचा अनुभव. ते पेन्सिल घेऊन दारोदार फिरले. वाड्यानं त्यांना चहा दिला, खाजं दिलं आणि रेती दाखवली. कृष्णनाथानं दाखवलेल्या जागी तर कुर्लीसारखा खेकडाही उपाशी मेला असता. आता त्या रेतीला सरकारी संरक्षण मिळालं होतं.

बोललो तर खडप वाड्याचं होणार, गप्प बसलो तर जेटीचं. कृष्णनाथ मनात हिशेब करू लागला. मागच्या रांगेतून बायकोनं, कमलाक्षीनं, त्याच्या पाठीत कोपर खुपसलं.

"उठा हो! जेटीपरस शेजारी बरो."

कृष्णनाथ उठला. "सायबा, थंय जेटी नाका. तां खडप माझां. बापायन मरताना माका एकट्याक सांगलेलां."

सगळा मांडव त्याच्याकडं वळला. मग दुसऱ्या टोकाला कमलाक्षीचा सख्खा भाऊ गुरुदास उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"तुझां? मेल्या कृष्णनाथा, तां माझ्या बापायचां! माका एकट्याक दाखयलेलां!"

"दोघांय गप रवा!" म्हातारी पद्मावती कडाडली. "माझो घोव जाताना माझ्या कानात सांगून गेलो!"

मग कोणी कोणाचं ऐकेना. प्रत्येक घराचं एकच गुपित होतं आणि ते सगळ्यांचं एकच निघालं. इतकी वर्षं जो तो लपतछपत त्याच खडपावर जात होता. तिथं दुसऱ्याची होडी दिसली, की वाट चुकल्यासारखं करून वळत होता. ओरडायची सोय नव्हती. ओरडला तर जागा कळली असती.

मांडवात खुर्च्या आडव्या झाल्या. कोणाची तरी चप्पल नकाशावर बसली. गुरुदासानं भावोजींची कॉलर धरली. साहेब टेबलामागं गेले, पण घाबरले नाहीत. हे भांडण त्यांच्या ओळखीचं होतं. सर्वणात त्यांच्या घरचा एक बांध आजोबांपासून कोर्टात होता, आणि त्या बांधावर आजवर कोणाला साधा दगड ठेवता आला नव्हता. त्यांनी पायाशी पडलेली चप्पल बाजूला केली आणि कोऱ्या तुकड्यावर लाल शाईनं लिहिलं, 'वादग्रस्त'.

"वहिवाट कोणाची ते ठरेपर्यंत इथं खुंटीसुद्धा मारता येणार नाही," ते कंपनीच्या माणसाला म्हणाले. "आधी यांचं भांडण मिटू दे."

गुरुदासानं कृष्णनाथाकडं पाहिलं. कृष्णनाथानं गुरुदासाकडं पाहिलं.

"कॉलर सोडू नको," कृष्णनाथ ओठ न हलवता म्हणाला.

त्यानंतर कंपनीनं भांडण मिटवायला काय केलं नाही? फोंड्याहून एक वकील आणला. देवळात नारळ ठेवला. सगळ्या घरांना जेवण घातलं. वाडा पोटभर जेवला आणि हात धुऊन पुन्हा भांडला. शेवटी, जागेवरच समेट घडवू म्हणून, कंपनीनं साहेबांना लाँचमध्ये बसवून थेट खडपावर पाठवलं.

त्या वेळी कृष्णनाथ आणि गुरुदास एकाच होडीत होते. एकच जाळं दोघं मिळून ओढत होते आणि जाळ्यात शेवंडी खडखडत होत्या. लाँचचा आवाज आला तसा गुरुदासानं दोर हलकेच खाली ठेवला, हात पुसले आणि अदबीनं विचारलं,

"भावोजीनू, सायब आयलो. आज पयली शिवी तुमी घालतास, काय मी घालू?"